वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे जलसंतुलन व पोषण

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर शरीराला पाणी, प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे पुरेशी मिळावीत म्हणून पाळावयाची आहारपद्धती आणि तिला जोडून घ्यावयाची पूरके. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा मोठा भाग काढून एक अरुंद नळी ठेवली जाते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची साधारण १५ ते ३० मिलि. धारणेची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) अन्नमार्गातून वगळली जाते. हा बदल कायमचा असल्याने आहाराची पथ्येही, कमीअधिक प्रमाणात, आयुष्यभराची असतात.

शरीरातले साठे एकाच वेगाने संपत नाहीत. पाण्याची तूट एकदोन दिवसांत जाणवते, थायमिनचा (ब-१ जीवनसत्त्वाचा) साठा दोनतीन आठवड्यांत संपू शकतो, लोहाचा काही महिन्यांत, तर यकृतातील ब-१२ काही वर्षेही पुरते. शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी बहुधा याच क्रमाने येतात. रुग्णाला ठणठणीत वाटू लागते नेमके तेव्हा मंदगतीने संपणारे साठे रिते होत असतात. म्हणून तब्येत चांगली वाटते हे पूरके थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही.

इतिहास : वजन घटवण्यासाठी आतड्यावर पहिली शस्त्रक्रिया कोणी केली याविषयी एकमत नाही. स्वीडनमधील हेन्रिक्सन (सु. १९५२) आणि मिनेसोटातील व्हार्को (सु. १९५३) यांची नावे घेतली जातात, परंतु क्रेमेन, लिनर व नेल्सन यांचा लेख १९५४ मध्ये छापून आलेला असल्याने बहुतेक लेखक आरंभ तेथून धरतात आणि ते अधिक सयुक्तिक वाटते. या काळातील आतड्याच्या बायपासमध्ये लहान आतड्याचा फार मोठा भाग वगळला जाई. सततचे जुलाब, क्षारांची घट, मूतखडे व यकृताची हानी यांमुळे ती पद्धत १९८० च्या सुमारास मागे पडली. मेसन व इटो यांनी १९६६ मध्ये आयोवा येथे गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. आजच्या आहारनियमांमागचे बरेचसे ज्ञान त्या जुन्या रुग्णांच्या हालांतून आलेले आहे, हे विसरता येत नाही.

पाणी : प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसाला किमान १.५ लि. द्रव जायला हवा. निरोगी माणसाला ही मात्रा किरकोळ वाटेल. पण पहिल्या आठवड्यांत शिवणीच्या जागी सूज असते आणि दोन मोठे घोट एकदम घेतले तरी छातीत दाटून येते. रुग्णालयांत बहुधा ३० मिलि.चे लहान माप देतात. ते दर पंधरा मिनिटांनी रिकामे केले, तर १.५ लि. पूर्ण व्हायला साडेबारा तास लागतात, म्हणजे जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ. दोन तासांची झोप किंवा एक लांबलेला प्रवास यांनी मोडलेला हिशेब पुढे घाईने पिऊन भरून काढता येत नाही.

तूट वाढवणारी आणखी दोन कारणे सहसा नजरेआड होतात. एरवी रोजच्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा अन्नातून येतो. अन्न घटले की तोही घटतो. शिवाय उपासाच्या पहिल्या दिवसांत ग्लायकोजेन (शरीरातील साखरेचा साठा) वापरले जाऊन त्याबरोबरचे पाणी व सोडियम लघवीवाटे जाते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर रुग्णाला उठून उभे राहताच अंधारी येते. गडद व थोडी लघवी, कोरडे तोंड, डोकेदुखी व मळमळ ही इतर लक्षणे. मळमळीमुळे पिणे आणखी कमी होते आणि चक्र सुरू होते. अशा वेळी घरी जोर करून पाजण्यापेक्षा शिरेतून द्रव देणे योग्य. पहिल्या महिन्यात रुग्णालयात परतावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांत निर्जलीकरणाची गणना होते.

जेवण व पाणी यांतील अंतर : जेवताना पाणी पिऊ नये आणि नंतर निदान अर्धा तास थांबावे, हा नियम जवळजवळ सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ बहुधा अल्सरसाठी जठर कापण्याच्या जुन्या काळात असावे. त्या रुग्णांत अन्न वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात मुरडा व जुलाब होत. या डम्पिंग लक्षणांचे वर्णन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झालेले आहे. लवकरचे डम्पिंग जेवणानंतर तासाभरात येते : दाट साखरयुक्त अन्न आतड्यात पाणी ओढून घेते. उशिराचे एक ते तीन तासांनी येते. त्यात इन्शुलिन जास्त स्रवून रक्तातील साखर खाली जाते. नियमाच्या समर्थनार्थ दुसरेही कारण दिले जाते : द्रवामुळे अन्न पिशवीतून लवकर खाली सरकते व भूक लवकर लागते. या दुसऱ्या दाव्याला असलेला प्रायोगिक आधार तोकडा आहे. डम्पिंगचा त्रास होणाऱ्यांसाठी अंतर उपयुक्त ठरते. पहिल्या आठवड्यांत जागेच्या टंचाईमुळेही ते सोयीचे पडते. मात्र नियम पाळण्याच्या नादात दिवसभराचे पाणीच कमी पडत असेल, तर पाण्याला प्राधान्य द्यावे, असे मत येथे अधिक ग्राह्य मानले आहे. स्ट्रॉने पिऊ नये या सूचनेचा आधार याहूनही क्षीण आहे.

प्रथिने : रोज किमान ६० ग्रॅ.; गरजेनुसार आदर्श वजनाच्या दर किलोग्रॅममागे १.५ ग्रॅ.पर्यंत. आहार पातळ द्रव, दाट द्रव, लगदा, मऊ अन्न अशा टप्प्यांनी वाढवतात. टप्प्यांची मुदत केंद्रागणिक वेगळी असते. प्रत्येक जेवणात प्रथिनयुक्त घास आधी खावा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होणारी केसगळती पुष्कळदा वेगाने वजन उतरल्याचा परिणाम असते व आपोआप थांबते. ती लांबली तर प्रथिने, लोह व जस्त तपासावे.

थायमिन : सर्व कमतरतांत ही सर्वांत तातडीची. शरीरातील साठा अवघा ३० मिग्रॅ.च्या आसपास असतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेल्या मेंदूविकाराच्या तीन रुग्णांपैकी एका तरुणीने सल्फ्यूरिक आम्ल प्यायले होते व तिला सतत उलट्या होत होत्या. जठराचे दुखणे आणि हा विकार यांचे नाते असे पहिल्या वर्णनापासूनच दिसते. काही आठवडे उलट्या होणारा रुग्ण चालताना झोकांडू लागला, त्याला एकाची दोन दिसू लागली किंवा तो गोंधळल्यासारखा वागू लागला, तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता थायमिन शिरेतून द्यावे. तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच. ग्लुकोजच्या चयापचयात थायमिन खर्ची पडते. त्यामुळे ते न देता नुसते ग्लुकोज-सलाइन चढवल्यास विकार उफाळू शकतो. उशीर झाल्यास स्मृतीची हानी कायमची राहते. नेहमीच्या पूरकात रोज निदान १२ मिग्रॅ. असावे, धोका अधिक असल्यास ५० ते १०० मिग्रॅ. देतात.

इतर पूरके : ब-१२ च्या शोषणाला लागणारा अंतर्घटक जठरात तयार होतो, म्हणून तोंडावाटे रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅ. किंवा इंजेक्शन. मासिक पाळी असलेल्या स्त्रियांना व बायपास झालेल्यांना लोह ४५ ते ६० मिग्रॅ. कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिग्रॅ., विभागून, आम्ल कमी असतानाही शोषला जातो म्हणून सायट्रेट क्षार पसंत केला जातो. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्व बहुधा रोज ३,००० आंतरराष्ट्रीय एककांपासून सुरू करून रक्तातील पातळीनुसार बदलतात. रक्तातील कॅल्शियम प्राकृत आले म्हणून निश्चिंत राहता येत नाही : परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी ते हाडांतून काढून रक्तात आणत असते, त्यामुळे तिच्या संप्रेरकाची मोजणीही करावी लागते.

मूतखडे व गर्भारपण : बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि एरवी त्या कॅल्शियमशी जोडले जाणारे ऑक्झलेट (अन्नातील एक घटक) मोकळे राहून, रक्तात जाऊन मूत्रपिंडात उतरते, लघवी थोडी असली की खडे धरतात. अशा व्यक्तींना १.५ लि. पुरत नाही. शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवण्याचा सल्ला देतात. त्यानंतरही गर्भवतीच्या पूरकात अ जीवनसत्त्व रेटिनॉलऐवजी बीटा-कॅरोटीनच्या रूपात असावे, कारण जादा रेटिनॉल गर्भाला अपायकारक ठरते.