प्रेशर येत नाही? पंप उतरवण्याआधी एवढं बघा

‘हायड्रॉलिक मशीनला प्रेशर येत नाही’ असा फोन आला की पुढचं वाक्य बहुधा ‘पंप गेला वाटतं’ हेच असतं. कधी गेलेला असतोही. पण पंप प्रेशर बनवत नाही, तो नुसतं ऑइल ढकलतो. पुढे लोड किंवा अडथळा आला की गेजचा काटा चढतो. काटा चढत नसेल तर एक तर ऑइल पंपातून निघत नाही, नाहीतर निघून वाटेतूनच टाकीत परततं. गेजच बिघडलं असेल तर गोष्ट वेगळी. आधी दुसरं लावून बघा.

ऑइल निघत नसेल तर टाकीची लेव्हल, सक्शन स्ट्रेनर (पंपाच्या ओढणाऱ्या बाजूची जाळी) आणि कपलिंग (मोटर आणि पंप जोडणारा भाग) तपासा. मोटरचं वायरिंग नुकतंच झालं असेल तर फिरण्याची दिशा बघा. दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते, आणि उलटा फिरलेला पंप लवकर खराब होतो. पंप कर्कश ओरडत असेल तर त्याला ऑइल कमी पडतंय किंवा सक्शनमधून हवा शिरतेय. टाकीतलं ऑइल बाटलीत घेऊन ठेवा: दुधाळपणा थोड्या वेळात निवळला तर हवा, तसाच राहिला तर पाणी.

ऑइल वाटेत परततंय का, हे ओळखायला रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर ठरलेल्या मर्यादेवर गेलं की ऑइल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) पुढची लाइन बंद करून मशीन क्षणभरच चालवा. प्रेशर आलं तर पंप आणि रिलीफ ठीक. दोष पुढे, डायरेक्शन व्हॉल्व्हमध्ये (ऑइल कुठल्या बाजूला जायचं ते ठरवणारा) किंवा सिलिंडरच्या सीलमध्ये. नाही आलं तर रिलीफ व्हॉल्व्ह खोलून साफ करा. कचऱ्याचा एक कण सीटवर अडकला तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो. पंप आणि रिलीफ यांच्यामध्ये मात्र प्लग कधीही लावू नका.

रिलीफचा स्क्रू आवळून प्रेशर ‘वाढवण्याचा’ मोह टाळा. कण निघून गेला की तेच वाढीव सेटिंग होज फोडतं.

प्रेशर सकाळी ठीक आणि दुपारी कमी होत असेल तर ऑइलचं तापमान बघा. ६० अंश सेल्सिअसच्या वर ऑइल पातळ होऊन झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळतं. पंपावर संशय घ्यायचा तो इथे.

काहीही खोलण्याआधी मोटर बंद, लोड खाली, अॅक्युम्युलेटर (दाबाखाली ऑइल साठवणारा) रिकामा. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. तो फवारा कातडीत घुसतो. घुसलाच तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा.

आम्हाला फोन करताना थंड आणि गरम अशा दोन्ही वेळचं गेज रीडिंग हाताशी ठेवा.