नव्या टॅटूची निगा

टॅटू काढल्यानंतर त्या जागची त्वचा भरून येईपर्यंत घ्यायची काळजी. अंगावर चित्र उमटलेले दिसत असले, तरी पहिले दोन-तीन आठवडे ती जागा म्हणजे एक उघडी जखमच असते. तिच्याकडे जखम म्हणूनच पाहावे. रंग उठून दिसणे, रेघ स्वच्छ राहणे आणि जंतुसंसर्ग टळणे या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी याच दिवसांवर ठरतात. निगा म्हणजे सतत काहीतरी लावत राहणे, हा समज मात्र चुकीचा आहे. बिघडलेले कित्येक टॅटू दुर्लक्षाने नव्हे, तर अतिकाळजीने बिघडलेले असतात.

टॅटूयंत्राची सुई मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा त्वचेत शिरते आणि साधारण १ ते २ मिमी. खोलीवर शाई सोडते. वरची त्वचा सतत झडत आणि नव्याने बनत असते, त्यामुळे तिथली शाई टिकत नाही. टिकते ती खालच्या थरातली. शरीर या शाईला परके द्रव्य मानते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिथे धाव घेतात आणि शाईचे कण गिळतात, पण ते त्यांना पचवता येत नाहीत. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातले रंगकण बाहेर पडतात आणि शेजारी नव्याने आलेली पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतो, तो या देवाणघेवाणीमुळे. निगा राखायची असते ती या खालच्या शाईवर पसरलेल्या, सुईने चाळणी झालेल्या वरच्या थराची.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जागा लाल होते, सुजते, कढत लागते. तिच्यातून पातळ लस आणि थोडी जादा शाई पाझरते. चादरीवर निळसर-काळे डाग पडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्वचा कोरडी पडते, पातळ पापुद्रे सुटतात, काही ठिकाणी खपली धरते आणि खाज सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेक पापुद्रे गळून जातात, पण टॅटू धुरकट, दुधाळ झाक आल्यासारखा दिसतो. नवी त्वचा अजून पक्की झालेली नसते म्हणून तसे दिसते. वरची जखम दोन ते चार आठवड्यांत मिटते. आतली डागडुजी दोन-तीन महिने चालू राहते.

आर्टिस्टने लावलेले आवरण त्याने सांगितलेल्या वेळी काढावे. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. मग कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घेऊन तळहातानेच जागा धुवावी. स्पंज, घासणी, दगड यांना तिथे काम नाही. बुळबुळीत लस निघून जाईपर्यंत धुणे महत्त्वाचे, कारण वाळलेल्या लशीचीच पुढे जाड खपली होते. नंतर स्वच्छ टिश्यूपेपरने टिपून घ्यावे. न्हाणीघरात लटकलेला ओलसर टॉवेल वापरू नये. असे दिवसातून दोनदा पुरे, घाम फार येत असेल तर तीनदा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि गर्दीच्या लोकलमधून प्रवास करणाऱ्यांना ही तिसरी वेळ बहुधा लागतेच.

मलमाबाबत एकच धोरण ठेवावे: थोडे लावावे. बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा इतका पातळ हात फिरवावा, की त्वचा ओशट न दिसता फक्त मऊ राहील. जाड थराखाली त्वचा भिजून फुगते, खपली गिळगिळीत होऊन कपड्याला चिकटते आणि ओढली गेली की तिच्याबरोबर शाईही निघते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतू मरतात, पण नव्याने तयार होणाऱ्या पेशीही होरपळतात. आपल्याकडे मोठा धोका आहे तो घराघरांत पडून असलेल्या मिश्र क्रीमचा. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये असलेली ही क्रीमे खाज थांबवतात म्हणून सर्रास चोपडली जातात. स्टेरॉइडने जखम भरणे मंदावते आणि संसर्ग आत पसरत असताना वरून लाली तेवढी दबलेली राहते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती नव्या टॅटूवर लावू नयेत.

अलीकडे बऱ्याच स्टुडिओंत पॉलियुरेथेनची पारदर्शक, चिकट पट्टी लावतात. तिला ‘सेकंड स्किन’ म्हणतात. ती काही दिवस तशीच ठेवता येते. आत काळपट द्रव साठतो, तो लस आणि शाईचाच असतो. मात्र कड सुटून द्रव गळू लागला किंवा पट्टीखाली पुरळ उठले, तर ती लगेच काढून जागा धुवावी. स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म हा तिचा पर्याय नव्हे. ती दिवसभर गुंडाळून ठेवली तर आत घाम कोंडतो.

कपडे सैल आणि सुती असावेत. पट्टा, ब्राची पट्टी किंवा चपलेचा बंद टॅटूवर घासत असेल, तर भरून यायला वेळ लागतो. झोपेत चादर चिकटली तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवली की अलगद सुटते. खाज हा या काळातला सर्वांत कठीण भाग. नखाने खाजवू नये, पापुद्रा सोलू नये. तळहाताने हलके थोपटावे किंवा थंड, स्वच्छ, ओला कपडा क्षणभर ठेवावा. वेळेआधी उपटलेल्या खपलीखाली फिकट ठिपका राहतो.

पाण्यात डुंबणे जखम मिटेपर्यंत पूर्ण वर्ज्य. अंघोळ चालते, पोहण्याचा तलाव, नदी, समुद्र चालत नाही. गोव्यात किनाऱ्याजवळच्या स्टुडिओत टॅटू काढून त्याच सुट्टीत समुद्रात उतरणारे पर्यटक नेहमी दिसतात, म्हणून हे ठासून सांगायला हवे. टॅटू काढल्यानंतर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या, यकृताचा जुना विकार असलेल्या ३१ वर्षांच्या एका माणसाला ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ या समुद्री जिवाणूचा संसर्ग झाला आणि त्यात तो दगावला. ही घटना २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. पोहायचे असेल तर आधी पोहून घ्यावे आणि टॅटू सुट्टीच्या शेवटी काढावा.

उन्हाचेही तसेच. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर सुजलेल्या जागी ऊन लागले की काळसर डाग राहण्याची प्रवृत्ती असते. जखम मिटेपर्यंत कपड्याने झाकावे. उघड्या जखमेवर सनस्क्रीन लावू नये. त्वचा पूर्ण मिटल्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावण्याची सवय ठेवल्यास रंग लवकर विटत नाही.

गावोगावी फिरून गोंदणाऱ्या बायका पूर्वी गोंदणावर हळद आणि तेल लावत. काही भागांत जागा शेणाने धूत. हळदीत दाहशामक द्रव्ये असली, तरी स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते आणि काहींच्या त्वचेला ती झोंबते, म्हणून ताज्या टॅटूवर ती टाळलेली बरी. शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात, त्यामुळे त्या प्रथेला आज कोणताही आधार देता येत नाही. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, हे टॅटूआधीच पाहून घ्यावे.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली कडेबाहेर पसरू लागली, पू किंवा दुर्गंध आला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. काही त्रास उशिरा येतात. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९ जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठले. मूळ निघाले ते जिवाणूंनी दूषित झालेल्या तयार करड्या शाईत. अशा वेळी घरची निगा कितीही चोख असली तरी उपयोगी पडत नाही. एकच सुई अनेकांना वापरल्याने होणाऱ्या हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या संसर्गाचेही तेच. तिथे सुई आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली का, हे पाहणेच महत्त्वाचे. लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते आणि ती कित्येक महिन्यांनीही उद्भवते. मधुमेह असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि घरात केलॉइडची, म्हणजे व्रण वाढत जाऊन गाठाळ होण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी टॅटूआधीच डॉक्टरांशी बोलावे. छाती आणि खांदा या केलॉइडच्या नेहमीच्या जागा.

कुठे रंग उडाला असेल, तर टचअप चार ते सहा आठवड्यांनंतरच करावा. त्याआधी त्याच जागी सुई चालवली तर व्रण राहण्याचा धोका वाढतो.