निगेटिव्हवरची धूळ आणि पाण्याचे डाग

रंगीत निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्या अनेक स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढून टाकण्याची सोय असते, परंतु घरी धुतलेल्या (म्हणजे डेव्हलप केलेल्या) कृष्णधवल रोलवर तिचा काहीच उपयोग होत नाही. ही सोय वापरताना स्कॅनर नेहमीच्या प्रकाशाबरोबर अवरक्त किरणही फिल्ममधून सोडतो. रंगीत फिल्मवरील प्रतिमा रंगद्रव्यांची असते आणि ही रंगद्रव्ये अवरक्त किरणांना जवळजवळ अडवत नाहीत, म्हणून जिथे हे किरण अडतात तिथे धूळ किंवा ओरखडा आहे असे यंत्र धरून चालते. कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा मात्र धातुरूप चांदीची असते आणि चांदी अवरक्त किरणही अडवते. त्यामुळे माणसाचा चेहरा आणि धुळीचा कण यांत यंत्राला फरक करता येत नाही. इलफोर्डची एक्सपी२ सुपर ही फिल्म याला अपवाद आहे, कारण ती रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेने धुतली जाते आणि तिच्यात शेवटी चांदी उरत नाही.

३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते. तिचा ८ × १० इंची प्रिंट काढायचा तर ती आठपटीहून अधिक मोठी करावी लागते, म्हणजे निगेटिव्हवर ०.०५ मिलिमीटरचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा कण कागदावर ०.४ मिलिमीटरचा ठिपका होऊन बसतो.

ठिपक्याच्या रंगावरून दोष कुठे घडला याचा बराच अंदाज येतो. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रकाश अडवते, म्हणून ती प्रिंटवर पांढरी दिसते. फोटो काढतानाच कॅमेऱ्यात फिल्मवर कण असेल, तर त्याच्याखालच्या भागावर प्रकाश पडत नाही, तिथे चांदी तयार होत नाही, प्रिंट काढताना तिथून प्रकाश न अडता कागदावर जातो आणि काळा ठिपका उमटतो. असा रोल कितीही काळजीपूर्वक धुतला तरी तो ठिपका जाणार नाही. ओरखड्यांचेही तसेच आहे. चकचकीत बाजूवरचा ओरखडा प्रकाशाला वळवतो व पांढरी रेघ देतो, तर जिलेटिनच्या, म्हणजे प्रतिमेची चांदी धरून ठेवणाऱ्या थराच्या, बाजूचा खोल ओरखडा चांदीच खरवडून नेतो आणि काळी रेघ देतो.

घरगुती कामात सर्वाधिक त्रास देते ते पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. फिल्मवर राहिलेला थेंब सुकत जातो तसतसे हे क्षार त्याच्या कडेला जमतात आणि गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच पांढरट थर कडे करून मागे राहतो. यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करावेत. नळाच्या पाण्याने फिल्म पूर्ण धुऊन झाल्यावर शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्यावे; आरओचे पाणी बरे, पण त्यातही थोडे क्षार असतातच. या पाण्यात वेटिंग एजंट मिसळावा. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे पाणी थेंब धरून न बसता पातळ पापुद्र्यासारखे खाली ओघळते. कोडॅकचे फोटो-फ्लो २०० एका भागास २०० भाग पाणी या प्रमाणात वापरायचे असते. ‘थोडे जास्त घातले तर बरे’ हा विचार येथे महागात पडतो, कारण जादा द्रव सुकून त्याचाच चिकट डाग पडतो. धुताना फिल्म ज्या रीलवर गुंडाळलेली असते त्यावरून ती काढून वेगळ्या भांड्यातल्या द्रावणात बुडवावी, नाहीतर ते प्लॅस्टिकच्या रीलवर साचते आणि पुढच्या वेळी फिल्म चढवताना अडते.

ओले जिलेटिन फुगलेले व मऊ असते. म्हणूनच रबरी पट्टीने किंवा बोटांच्या चिमटीत धरून पाणी निपटणे मला धोक्याचे वाटते: पट्टीत अडकलेला वाळूचा एक कण रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो. फिल्म खालच्या टोकाला चिमटा लावून न्हाणीघरात टांगावी. आधी गरम पाण्याचा शॉवर काही मिनिटे सोडला तर हवेतली धूळ खाली बसते. पंखा लावू नये, कारण तो हवेतली धूळ ओल्या जिलेटिनवर आणून चिकटवतो आणि सुकल्यावर ती निघत नाही. पावसाळ्यात फिल्म सुकायला वेळ लागतो, तो द्यावा. दमट राहिलेली फिल्म स्लीव्हमध्ये भरली तर जिलेटिनवर बुरशी वाढते. थंडीच्या कोरड्या हवेत अडचण उलटी असते: घासल्यामुळे फिल्मवर स्थिर विद्युतभार येतो आणि ती धूळ ओढून घेते. त्यामुळे स्कॅनरमध्ये ठेवण्यापूर्वी कापडाने पुसण्याऐवजी रबरी ब्लोअरने हवा मारावी आणि गरज पडलीच तर अँटिस्टॅटिक ब्रश हलक्या हाताने फिरवावा.

चकचकीत बाजूवर ओरखडा पडलाच असेल, तर डार्करूममधली जुनी मंडळी नाकाच्या कडेचा तेलकटपणा बोटावर घेऊन त्यावर चोळत. हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागे प्रकाशशास्त्र आहे. तेलाचा अपवर्तनांक हवेपेक्षा फिल्मच्या पायाच्या, म्हणजे जिलेटिनखालच्या पारदर्शक पट्टीच्या, अपवर्तनांकाला पुष्कळ जवळचा असतो, त्यामुळे खाच भरली की प्रकाश फारसा न वळता आरपार जातो. निगेटिव्ह विशिष्ट द्रवात भिजवून स्कॅन करण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. जिलेटिनच्या बाजूने चांदी गेली असेल तर मात्र कोणतेही तेल कामाचे नाही. तिथे प्रिंटवरचा काळा डाग धारदार पात्याने खरवडावा लागतो, किंवा स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तो हाताने दुरुस्त करावा लागतो.