हिंसक स्वप्नांचा अर्थ : पार्श्वभूमी

वाईट स्वप्न पडलं की देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं, फारच घोर लागला तर कौल लावायचा, ही कोकणातली जुनी रीत. दुःस्वप्न घालवण्याची सूक्तं अथर्ववेदातही आहेत. स्वप्न बाहेरून येतं, हा त्यामागचा समज. तो १९०० च्या सुमारास व्हिएन्नातल्या सिग्मंड फ्रॉइड या डॉक्टरच्या मांडणीने उलटा केला. स्वप्न दडपलेल्या इच्छेतून येतं, असं ती सांगत होती. स्वप्नात कुणाला मारलं म्हणजे त्याच्यावरचा राग मनात साठलाय, हा अर्थ त्यानंतर घरोघरी रुजला. सामाईक घराच्या वाटणीवरून अबोला असलेले भाऊ गणपतीला एकाच पंगतीत जेवतात. त्यातल्या धाकट्याला थोरल्यावर कोयता उगारल्याचं स्वप्न पडलं, तर हा अर्थ पटतोही.

पण प्रत्येक हिंसक स्वप्नाला तो लावणं अन्यायाचं आहे. डोळे वेगाने हलतात ती आरईएम झोप १९५३ साली नोंदली गेली. बहुतेक ठळक स्वप्नं त्याच झोपेत पडतात आणि तेव्हा हातापायांचे स्नायू लुळे असतात. काहींचे स्नायू तसे लुळे पडत नाहीत, हा विकार अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये मांडला. समजा, साठी उलटलेला तांडेल झोपेत शिव्या देतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लागतं. उठवल्यावर म्हणतो, "कोणतरी अंगावर येत होता." गावात कुजबुज होते, माणूस आतून रागीट आहे. प्रत्यक्षात अशा रुग्णांची स्वप्नं मारामारीची असली, तरी दिवसा ते इतरांपेक्षा जास्त आक्रमक नसतात, असं अभ्यासात दिसलं आहे. शिवाय यातल्या अनेकांना पुढे कंपवात होतो. त्यांच्या स्वभावाचा पंचनामा करण्यात वेळ गेला, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जाणं लांबतं. माझ्या मते ही चूक सगळ्यात महाग पडते.

आघातानंतरच्या स्वप्नांची गोष्ट वेगळी. मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने १९८० मध्ये आघातोत्तर विकार स्वीकारला आणि घडलेला प्रसंग वारंवार स्वप्नात येणं हे त्याचं लक्षण मानलं. कोकणात २२ जुलै २०२१ नंतर हे समजून घेणं फार गरजेचं झालं. त्या दिवशी चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा प्रसंगातून वाचलेला माणूस स्वप्नात कुणाला ढकलत असेल, तर त्यामागे द्वेषच असेल असं नाही. भीती असते, आपण वाचलो आणि तो गेला ही टोचणीही असते. अशा स्वप्नांवर उपचार आहेत. त्यातला एक साधा आहे: जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो नवा शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायचा.