जिना आतून की बाहेरून: दुमजली घराच्या नकाशातल्या एका वादाची पार्श्वभूमी

स्वतःच्या प्लॉटवर दुमजली घर बांधायचे ठरले की पहिल्या दोन-तीन बैठकांत दिवाणखाना, स्वयंपाकघराची दिशा आणि देवघराची जागा यांवर बहुधा एकमत होते. घोडे अडते ते जिन्यापाशी. जिना घराच्या आतून वर न्यायचा की बाहेरून, हा प्रश्न वरकरणी सोयीचा आणि आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या शहरांत त्याचे उत्तर भाडेकायद्याने, वारसाहक्काने आणि चटईक्षेत्राच्या, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या क्षेत्राच्या, हिशेबाने वेळोवेळी बदलत नेले आहे, आणि आज रूढ असलेल्या नकाशांत या साऱ्यांचे अवशेष एकाच वेळी दिसतात.

जुन्या घरबांधणीत हा वाद नव्हता. वाड्यातला जिना अनेकदा जाड भिंतीच्या पोटात, अरुंद आणि उभ्या चढणीचा असे, आणि त्याच्या तोंडाशी झडप असे. वर जाणारा माणूस घरातलाच, हे त्यात गृहीत होते. कोकणातल्या घरांत माळ्यावर जायला लाकडी शिडी पुरे. चाळीत जिना सामाईक, त्यामुळे तो कोणाच्याच घराच्या नकाशात मोजला जात नसे. वाड्यांच्या चौकाभोवतीच्या खोल्या भाडेकरूंना देण्याची पद्धत वाढली, तेव्हा बाहेरून स्वतंत्र जिने चढवले गेले खरे, पण ती पुढच्या काळातली डागडुजी होती.

वादाला खरी सुरुवात झाली ती स्वातंत्र्यानंतर, सहकारी गृहरचना संस्थांच्या बंगल्यांपासून. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे पडले किंवा राहण्याजोगे उरले नाहीत, आणि गावाबाहेरच्या प्लॉटांकडे आधीच सुरू झालेला ओघ वाढला. नोकरदार मध्यमवर्गीय माणूस कर्ज काढून तळमजला बांधत असे, आणि पुढे जमेल तेव्हा वरचा मजला. तो वरचा मजला भाड्याने देऊन कर्जाचा हप्ता भागवायचा, हा हिशेब इतका सर्रास होता की त्या काळच्या नकाशांत जिना जवळजवळ ठरलेल्या जागी, बाजूच्या मोकळ्या जागेलगत किंवा मागच्या कोपऱ्यात, बाहेरून चढणारा असे. खाली मालक आणि वर भाडेकरू. दोघांचा संबंध फाटकापुरता आणि पाण्याच्या टाकीपुरता.

या मांडणीवर सावट होते ते १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याचे. विदर्भात आणि मराठवाड्यात त्या काळी वेगळे भाडेनियम लागू होते, परंतु मालकाची धास्ती सगळीकडे एकाच जातीची होती. प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने ठरवलेले भाडे, गोठलेले, आणि भाडेकरूला बाहेर काढायचे तर स्वतःची वाजवी व खरीखुरी गरज न्यायालयात सिद्ध करावी लागे. गरज सिद्ध झाली तरी अधिक हाल कोणाचे होतील हे तोलले जाई, आणि जागेचा काही भागच परत देऊन भागत असेल तर तेवढ्यापुरताच हुकूमनामा देण्याची तरतूद होती. येथे जिन्याचा नकाशा न्यायालयाच्या दारात पोहोचतो. स्वतंत्र जिना, स्वतंत्र संडास-न्हाणीघर आणि स्वतंत्र स्वयंपाकाचा ओटा असलेला मजला हे आपसूकच वेगळे बिऱ्हाड ठरे. उलट वरच्या खोल्यांची वाट मालकाच्या दिवाणखान्यातून जात असेल, तर ती जागा परक्याला देणेच अवघड होई.

भाडेकरू नको म्हणून अनेकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग धरला होता. भाडेपट्टा केला तर हक्क निर्माण होतो, परवाना दिला तर होत नाही, अशी समजूत त्यामागे होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती मोडीत निघाली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने जागेत राहत असलेल्या व्यक्तीला भाडेकरूचे संरक्षण मिळाले. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. निवाऱ्याच्या टंचाईत परवान्याच्या नावाखाली कायद्याला बगल दिली जात होती आणि ती बंद करणे भाग होते, असे एक मत. करार संपल्यावर जागा परत मिळेल या भरवशावर घर देणाऱ्यांचा विश्वास एका तारखेने मोडला, असे दुसरे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तथापि छोट्या बंगल्यांच्या मालकांवर त्याचा झालेला परिणाम कमी लेखला जातो असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गाळ्यामागून गाळे भाड्याने देणारा मालक आणि वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर हप्ता फेडणारा निवृत्त शिक्षक यांना त्या तारखेने एकाच मापाने मोजले. त्यानंतर वरचे मजले कुलूपबंद ठेवण्याची जी सवय लागली, तिने नव्या नकाशांतला जिना घराच्या आत ओढला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून वळत वर जाणारा, लाकडी कठड्याचा जिना ही पुढे प्रतिष्ठेची खूण झाली. तिच्या मुळाशी मात्र हौसेइतकीच सावधगिरी होती.

आतल्या जिन्याची किंमत कागदावर मांडली की या सावधगिरीचा बोजा कळतो. जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर उंची धरली आणि पायरीची चढण १७५ मिलिमीटरच्या आसपास ठेवली, तर १७ चढणी होतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता निवासी इमारतीत पायरीची रुंदी किमान २५० आणि चढण कमाल १९० मिलिमीटर सांगते. ९०० मिलिमीटर रुंदीच्या दोन बाजूंनी, मध्ये लँडिंग घेऊन वळणारा जिना या मापांनी आखला, तर चढायच्या-उतरायच्या जागेसह तो १.९ बाय ३.८ मीटर जागा खातो, म्हणजे सुमारे ७.२ चौरस मीटर किंवा ७८ चौरस फूट. दोन खोल्यांच्या घरातल्या दुसऱ्या खोलीसाठी संहिता किमान ७.५ चौरस मीटर सांगते; जवळपास तेवढीच ही जागा झाली. हजार चौरस फुटांच्या तळमजल्यात एवढी जागा सोडताना घरच्यांचा हात आखडतो आणि मग पायऱ्या उभ्या होतात, लँडिंगला तिरक्या पायऱ्या येतात, जिन्याखाली संडास बसवला जातो. म्हातारपणी गुडघे बोलू लागले की या काटकसरीची वसुली होते.

आत आणि बाहेर यांच्या मधला एक तोडगा १९८० च्या सुमारास सरावाचा झाला, आणि आजवरच्या सर्व मांडण्यांत तोच शहाणपणाचा आहे. पोर्चमधून आत शिरल्यावर दिवाणखान्याआधी एक छोटी लॉबी ठेवायची आणि जिना त्या लॉबीतून चढवायचा. लॉबीला बाहेरचे दार एक आणि दिवाणखान्यात उघडणारे दार एक. कुटुंब एकत्र असेल तर आतले दार उघडे राहते आणि घर एकसंध वाटते. वरचा मजला वेगळा करायची वेळ आली तर तेच दार बंद केले की काम होते, भिंत फोडावी लागत नाही. या तोडग्यात जागा थोडी जास्त जाते आणि दिवाणखान्याची एक भिंत दारांत संपते, ही त्याची खोट.

वेगळे करायची वेळ भाडेकरूमुळे येत असे त्याहून अधिक वेळा ती भावाभावांमुळे आली. एका प्लॉटवर तळमजला थोरल्याचा आणि वरचा धाकट्याचा, अशी वाटणी करायची तर सामाईक जिना कोणाचा, गच्ची कोणाची आणि वरची टाकी कोण साफ करणार, हे प्रश्न उभे राहतात. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने सामाईक भागातल्या अविभक्त हिश्शासह मजल्याची स्वतंत्र मालकी कागदोपत्री शक्य केली. बहिणींची बाब मात्र बरीच पुढे सुटली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम २३ असे होते की कुटुंबाच्याच पूर्ण वापरातल्या राहत्या घराची वाटणी, पुरुष वारस आपले हिस्से वेगळे करायला तयार होईपर्यंत, स्त्री वारसाला मागता येत नसे. वरच्या मजल्यावर भाडेकरू असेल तर घर ‘पूर्ण वापरात’ आहे की नाही, यावर खटले लढवले गेले. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम वगळले गेले आणि स्वतंत्र वाट असलेला मजला मुलीच्या नावे करण्याचा विचार नकाशाच्या टप्प्यावरच होऊ लागला.

भाड्याची धास्ती ओसरली ती ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने. तो राज्यभर एकच झाला, आणि निवासी परवान्याची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा तुलनेने जलद मार्ग सगळीकडे खुला झाला. त्यानंतर बाहेरचा जिना परतला, परंतु बहुतेकदा मंजूर नकाशाबाहेर, लोखंडी सांगाड्याच्या रूपात. गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय लहान तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या, वस्त्यांत तर त्याला पर्यायच नव्हता. अर्धा गुंठा म्हणजे साधारण ५४५ चौरस फूट, त्यात आतला जिना काढला तर राहायला खोली उरत नाही. तिथे जिना थेट रस्त्याच्या बाजूने चढतो आणि त्याची पहिली पायरी कोणाच्या हद्दीत पडते हा नवा तंटा होतो.

मालमत्ता कराचाही यात हात आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती मध्यंतरी रद्द होऊन २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. वरचा मजला भाड्याने गेला की त्या मजल्याची सवलत जाते, म्हणून भाडेकरूची खूण ठरू शकणारा दुसरा वीजमीटर घ्यावा की नाही यावर घराघरांत खल होतो.

अलीकडचा सर्वांत मोठा बदल चटईक्षेत्राच्या मोजणीतला आहे. पूर्वीच्या बांधकाम नियमावल्यांत, मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीप्रमाणे, अधिमूल्य (प्रीमियम) भरून जिन्याचे क्षेत्र चटईक्षेत्र निर्देशांकातून (एफएसआय) वगळून घेता येत असे. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे सोडून उर्वरित राज्यासाठी आलेल्या एकत्रिकृत नियमावलीने बांधकामाची बाह्यरेषा, म्हणजे ‘पी-लाइन’, धरून जिना, बाल्कनी आणि भिंती सगळे मोजायला घेतले आणि त्याची भरपाई म्हणून निवासी इमारतींना अधिमूल्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचे जादा, क्षेत्र दिले. मोजणीतली लपवाछपवी यामुळे कमी झाली, हे मान्यच करावे लागेल. पण लॉबीतून चढणाऱ्या जिन्यासारख्या उदार मांडणीचा प्रत्येक चौरस फूट आता हिशेबात दिसतो, आणि छोट्या प्लॉटवर ग्राहक पहिली कात्री तिथेच लावतो.

१९९० नंतर बळावलेल्या वास्तुशास्त्राच्या आग्रहाने ‘ईशान्येला जिना नको’ हा नियम यात मिसळला, आणि रस्ता उत्तरेला किंवा पूर्वेला असलेल्या प्लॉटवर समोरच्या कोपऱ्यातली सोयीची लॉबी त्यामुळे गेली. सध्याच्या नकाशांत त्याहून वजनदार ठरते आहे ते वय. मुले परगावी किंवा परदेशी आणि आईवडील तळमजल्यावर, अशा घरांत खालीच संलग्न न्हाणीघरासह झोपण्याची खोली घेतली जाते, आणि दोन्ही मजल्यांवर एकावर एक येतील अशी कपाटे आखून त्यांच्यामधल्या स्लॅबमध्ये पुढे लिफ्टसाठी तोडता येईल असा चौकोन आधीच तुळयांनी बांधून ठेवला जातो.