लडाख म्हणजे फक्त बौद्ध?

लडाख सगळा बौद्ध, हा समज पर्यटनाच्या फोटोंनी पक्का केला. २०११ च्या जनगणनेत २,७४,२८९ लोकांपैकी मुस्लिम सुमारे ४६ टक्के, बौद्ध सुमारे ४० टक्के होते. चूक होते ती लेहवरून अख्खा प्रदेश मोजल्याने: लेहमध्ये बौद्ध ६६ टक्के, कारगिलमध्ये मुस्लिम ७७ टक्के, बहुतेक शिया. तेव्हा कारगिल जिल्ह्यात असलेलं झांस्कर मात्र बौद्धबहुल! हिंदूंचे १२ टक्केही जपून वाचा. त्यांत बाहेरून आलेले जवान, मजूर बरेच. लेहमध्ये हजार पुरुषांमागे ६९० स्त्रिया, हे प्रमाण उगाच नव्हे.

भाषा धर्माप्रमाणे विभागलेल्या नाहीत. कारगिलची पुरगी लडाखीचीच तिबेटी कुळातली बहीण. जव आणि जर्दाळू दोन्हीकडे पिकतात. पश्मिना लोकर मुख्यतः पूर्वेकडच्या चांगथांग पठाराची.