क्रोन रोग
क्रोन रोग : अन्नमार्गाचा दीर्घकाळ चालणारा दाहजन्य विकार. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही तो होऊ शकतो. तथापि लहान आतड्याचा अखेरचा भाग (शेषांत्र) आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा प्रारंभ येथे तो अधिक आढळतो. दाह अस्तरापुरता न राहता आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत उतरतो आणि दोन रोगग्रस्त पट्ट्यांमध्ये निरोगी आतडे राहते. अल्सरेटिव्ह कोलायटिसपासून (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा व्रणयुक्त दाह) त्याचे वेगळेपण प्रामुख्याने यावरूनच ओळखतात.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिओन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांवर आधारित लेख प्रसिद्ध केला. शल्यविशारद ए. ए. बर्ग यांनी लेखक म्हणून आपले नाव घालू दिले नाही. उरलेली नावे वर्णानुक्रमे छापली गेल्याने क्रोन यांचे नाव पहिले आले व तेच रोगाला चिकटले. या विषयावरील गिन्झबर्ग व ओपनहायमर यांचे काम आधीपासून चालू होते, हे पाहता श्रेयाची ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही.

रोग मात्र १९३२ पेक्षा बराच जुना असावा. इटालियन शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांनी १७६१ मध्ये वर्णिलेला, शेषांत्रात व्रण व छिद्रे असलेला तरुण रुग्ण याच रोगाचा असावा असे काही अभ्यासक मानतात; परंतु आंत्रक्षय (आतड्याचा क्षयरोग) किंवा विषमज्वर (टायफॉइड) यांची शक्यता त्या वर्णनावरून नाकारता येत नाही. इंग्लिश वैद्य सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये नोंदविलेल्या रुग्णेबाबतही अशीच चर्चा आहे. पोलंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनाच्या आधारे तेथील शल्यविशारद अंतोनी लेश्न्योव्स्की यांचे नाव रोगनामात जोडतात. या सर्वांत ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांचे १९१३ मधील वर्णन अधिक विश्वसनीय वाटते : विकृती क्षयासारखी दिसत असूनही क्षयाचे जंतू सापडत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले आणि गुरांच्या योने रोगाशी (आतड्याचा जंतुजन्य दीर्घकालीन दाह) तिचे साम्य दाखविले.

या साम्यातूनच कारणांविषयीचा वाद उद्भवला. योने रोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम पॅराट्यूबरक्युलोसिस, काही रुग्णांच्या आतड्यांत आढळला आहे. पण तो रोगाचे कारण आहे की आधीच बिघडलेल्या आतड्यात शिरलेला पाहुणा, हे ठरलेले नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत त्याच्याविरुद्ध दोन वर्षे दिलेल्या संयुक्त प्रतिजैविकांचा टिकाऊ लाभ दिसला नाही. २००१ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड-२ जनुकाचा संबंध उघड झाल्यापासून, आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा आतड्यातील नेहमीच्या जंतूंवर अवाजवी प्रतिक्रिया देते, या मताकडे कल आहे. तरीही या जनुकातील बदल असणाऱ्या बहुतेकांना रोग होत नाही. धूम्रपानाने रोग बळावतो.

पोटदुखी, जुलाब, ताप व वजन घटणे ही सामान्य लक्षणे होत. आतडे अरुंद होणे, भगंदर व गळू हे उपद्रव संभवतात. क्षय सर्रास असलेल्या प्रदेशांत आंत्रक्षयाशी गल्लत होण्याचा धोका मोठा आहे : ग्रॅन्युलोमा (दाहपेशींच्या सूक्ष्म गाठी) दोन्हींत दिसतात, आणि आंत्रक्षयाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास क्षय पसरू शकतो.

उपचारांत स्टेरॉइडे, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आणि १९९८ पासून इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे (सजीव पेशींच्या साहाय्याने तयार केलेली प्रथिनरूप औषधे) वापरतात. रोगग्रस्त भाग कापून काढल्यावरही बऱ्याचदा जोडाच्या ठिकाणी रोग पुन्हा उद्भवतो.